पाय लागला म्हणून

त्या म्हाताऱ्या गृहस्थांचं नाव मी विचारलं नाही. निरगुडसरहून पारगावला जाताना माझ्यासमोरच एक परदेशी बाई वळणावर चुकीच्या बाजूने सायकल घेऊन आल्या आणि या गृहस्थांच्या सायकलला धडकल्या. दोघंही आडवी झाली.

गृहस्थ उठले. आधी बाईंच्या कोपराला हात लावून बोटं स्वतःच्या कपाळाला नेली, मगच धोतर झटकलं.

त्यांच्या कॅरिअरवरून पडलेल्या गवताच्या भाऱ्यावर पाय टेकवून मी बाईंना इंग्रजीत रस्त्याचे नियम ऐकवत होतो. मध्येच बाईंनी विचारलं, ‘‘यांनी आत्ता काय केलं?’’

मी गृहस्थांना म्हणालो, ‘‘बाबा, चूक यांची. तुम्ही कशाला नमस्कार करता?’’

पुढचं चाक गुडघ्यांत धरून ते हँडल सरळ करत होते. म्हणाले, ‘‘आसंल त्यांची चूक. पर पडताना पाय माझा लागला ना त्यास्नी.’’

मी ते इंग्रजीत सांगितलं. बाईंनी वाकून त्यांच्या कोपराला हात लावला आणि अवघडत कपाळाला नेला.

मग गृहस्थ भारा उचलायला आले. माझा पाय अजून त्याच्यावरच होता. ते नुसते थांबले.