कावळ्याची तिरकी मान

एका निसर्गअभ्यासकाचं चरित्र वाचत होते. लहानपणी घरट्यांतली अंडी गोळा करणारा हा मुलगा मोठेपणी जहाजातून दूरच्या बेटांवर गेला. तिथल्या पक्ष्यांनी माणूस कधी पाहिलाच नव्हता. ते आपणहून त्याच्या हातावर येऊन बसायचे. त्याने किती मायेने लिहिलंय त्यांच्याबद्दल. आणि पुढच्याच पानावर त्यांच्यात भुसा भरलाय.

खिडकीत कावळा आला. मी पोळीचा तुकडा पुढे केला. त्याने मान तिरकी करून आधी माझ्याकडे पाहिलं, मग तुकड्याकडे. बेटावरच्या पक्ष्यांना एवढं कुणी शिकवलं नव्हतं.

"तू तिथून हललीस तरच खाईल तो," सासूबाई म्हणाल्या.

मला रागच आला. मी काय करणार होते त्याला? तुकडा गजांबाहेर ठेवला आणि तो मला नीट बघता यावा म्हणून पडद्याआड दबा धरून उभी राहिले.