सोडून दिलेला पेपर

आमच्या कॉलेजात खरं वर्ष जूनमध्ये नाही, गणपती उठल्यावर सुरू व्हायचं. म्हणजे आम्हा एकांकिकावाल्यांचं तरी. अभ्यासवाले जूनपासून वर्गात बसायचे, त्यांचं ते जाणोत. आम्ही अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी कल्याणला कॉलेजच्या मागच्या हॉलमध्ये जमायचो, गेल्या वर्षीच्या सेटची फळकुटं बाहेर काढायचो आणि स्पर्धा संपेपर्यंत घरी फक्त झोपायला जायचो.

त्या वर्षी ठाण्याहून, वर्तकनगरच्या घरून निघालो तेव्हा हवेत नुसता तरंगत होतो. मला मुख्य भूमिका मिळणार होती. तीन वर्षं मी खुर्च्या उचलल्या, पडदे ओढले, एकदा दोन वाक्यांचा पोस्टमन झालो. आता माझा नंबर होता. दिग्दर्शकाने तसा शब्दच दिलेला.

हा दिग्दर्शक आमच्याहून सहा वर्षांनी मोठा. सगळे त्याला दादा म्हणायचो. गडी कॉलेज सोडायलाच तयार नव्हता. बीए झालं, मग एका विषयात एमएला प्रवेश, मग दुसऱ्या, मग कसलासा डिप्लोमा. शिकायचं काही नाही, स्पर्धेत उतरायला विद्यार्थी असावं लागतं एवढ्यासाठी. मला मात्र मार्चमध्ये त्याने वेगळाच रस्ता दाखवला. टीवायचा शेवटचा पेपर सोड म्हणाला, म्हणजे तू पास होत नाहीस, कॉलेजचाच राहतोस, नाटक तुझं. मी गाढव. विचारलंसुद्धा नाही की दादा, तू का नाही सोडलास रे एखादा पेपर.

पेपरच्या सकाळी बाबांनी माझ्या हातावर दही ठेवलं. आई गेल्यापासून ते काम त्यांनी स्वतःकडे घेतलेलं, साखर जरा जास्तच घालायचे. ते चाटून मी निघालो आणि तीन तास तलावपाळीवर बसून राहिलो. अर्थशास्त्राचा पेपर होता. राग याचा येतो की मला तो येत होता.

निकाल लागल्यावर घरी सांगितलं, एका विषयात नापास झालो. बाबांची सगळी नोकरी बँकेत गेलेली, कागद दोनदा वाचल्याशिवाय खाली ठेवणारा माणूस नव्हे. वाटलं, आता घर डोक्यावर घेतील. त्यांनी मार्कशीट हातात घेतली, चष्मा लावून बराच वेळ पाहिली, घडी घालून कपाटात ठेवली आणि होतं असं एखाद्या वेळी, एवढंच म्हणाले. परीक्षेचा फॉर्म भरायला स्वतः सोबत आले. ऑगस्टभर रोज सकाळी मला शेजारी बसवून तो विषय शिकवला. मला पाठ असलेला विषय. मी माना डोलवत होतो आणि मनातल्या मनात डायलॉग घोकत होतो. लाज वाटायला हवी होती, पण नाही वाटली.

तालमी सुरू झाल्या. बारा दिवस मी मुख्य भूमिका केली, आणि चांगली केली, उगाच कशाला नम्रता. तेराव्या दिवशी स्पर्धेचा प्रवेश अर्ज आला. प्रत्येक नटाचं चालू वर्षाचं आयकार्ड जोडायचं होतं. माझ्याकडे गेल्या वर्षीचं. कॉलेजच्या ऑफिसात गेलो तर तिथल्या बाईंनी मान वर न करता सांगितलं की एक पेपर राहिलाय म्हणजे मी फक्त परीक्षेला बसणारा, या वर्षाचा विद्यार्थी नव्हे. दुसऱ्या कुठल्या कोर्सला प्रवेश घेतला असता तर चाललं असतं. पण प्रवेश तर कधीच बंद झालेले.

धावत हॉलवर आलो. दादाला सांगितलं. त्याच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. भूमिका त्याने तिथल्या तिथे एसवायच्या एकाला दिली, त्यालाही डायलॉग पाठच होते. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "तू लाईटला बस. तिथे बाहेरचा माणूस चालतो. तसाही तुला आता लेक्चरं नाहीत, दिवसभर मोकळाच आहेस."

बाहेरचा माणूस! सहा वर्षं जो माणूस तो नियम पाळून प्रवेश घेत होता, तो नेमका मला सांगायला विसरला? विसरतोय कसला. त्याला दिवसभर राबणारा एक रिकामटेकडा हवा होता, तो मिळाला. आणि मी? झक मारत लाईटला बसलो. घरी तोंडभरून सांगून ठेवलेलं की मुख्य भूमिका माझी आहे. दुसरीकडे जाणार कुठे?

स्पर्धा ठाण्यात होती. मी बाबांना नका येऊ म्हणालो, ते आले. लाईटच्या खोलीच्या काचेतून मला ते खाली दिसत होते, तिसऱ्या रांगेत, इस्त्रीच्या शर्टात. रंगमंचावर कोणीही नवीन आलं की मान उंच करायचे. पाऊण तास हेच. मी एकही लाईट उशिरा दिला नाही. प्रकाशयोजनेचं बक्षीस मिळालं, ते घ्यायला दादा स्टेजवर गेला.

बाहेर रिक्षाच्या रांगेत बाबा आणि मी उभे राहिलो. मीच तोंड उघडलं, सगळं ओकून टाकलं. पेपर का सोडला, कोणी सांगितलं, सगळं. ते समोर बघत होते.

"मार्कशीटवर नापास नव्हतं लिहिलेलं. गैरहजर होतं," ते म्हणाले. "मला वाटलं, घाबरलास. गेटपर्यंत जाऊन मागे फिरला असशील. तेच बरं होतं रे."

रिक्षा आली.

पुढच्या महिन्यात तो पेपर होता. त्या सकाळी दह्याची वाटी टेबलावर ठेवलेली, शेजारी साखरेचा डबा आणि चमचा. बाबा गॅलरीत वर्तमानपत्र वाचत होते. मी थोडा वेळ थांबलो. मग माझ्या हातावर मीच दही घेतलं आणि निघालो.