सोडून दिलेला फटका

"उचला शेठ, तो गेला असं धरलं," मोहिते म्हणाले. गोल्फमध्ये चेंडू भोकाच्या अगदी जवळ असला की समोरचा खेळाडू असा फटका सोडून देतो. शेवटचं भोक होतं, तोवर आम्ही बरोबरीत होतो आणि इथे मोहित्यांना एक फटका जास्त लागला होता. म्हणजे मी जिंकलो होतो.

याच मोहित्यांनी गोदामाची जागा मला शब्द देऊन दुसऱ्याला विकली. त्यांना एकदा हरवायचं, एवढ्यासाठी मी हा खेळ शिकलो. हातगाडीपासून घासाघीस करत वर आलोय. न मागता काही मिळालं की मला आधी संशय येतो. "तुमची मेहेरबानी नको," म्हणालो आणि तावातावाने फटका मारला. चेंडू भोकाला वळसा घालून पुढे गेला.

मोहित्यांनी टोपी काढून हात पुढे केला. "तरी तुम्हीच जिंकलात. एकदा दिलं की परत घेता येत नाही, नियमच आहे."

गोदामाच्या वेळी हा नियम कुठे होता, हे विचारायचं होतं. कोणता मोहिते खरा, तेही कळेना. हिरवळीवर त्यांचा हात हातात धरून मी नुसता उभा राहिलो.