मिकाएला ओरोपेसाचा गालिचा

आमच्या काराकासमध्ये मूल जन्माला आलं की आधी त्याचा रंग बघत, आणि मग मुलगा की मुलगी ते. गोरे म्हणजे स्पेनहून आलेल्यांचे वंशज, इंडियन म्हणजे इथले मूळचे, काळे म्हणजे आफ्रिकेतून जहाजात कोंबून आणलेल्यांचे. आणि या तिघांनी एकमेकांचं तोंड बघायचं नाही असं ठरवून पिढ्यान् पिढ्या जी प्रजा जन्माला घातली, ते आम्ही पार्दो. निम्म्याहून जास्त गाव आमचंच. माझी आई मात्र मरेपर्यंत सांगायची की आपण उन्हानं रापलोय.

मिकाएला माझी शेजारीण. माझं मेणबत्त्यांचं दुकान, तिचं मिठाईचं. तिच्या पेरूच्या वड्या गोऱ्यांच्या घरी चांदीच्या ताटात जात, मिकाएला स्वतः मागच्या दारापर्यंत. तिची आई डॉन फेलिपे लेसामा या कोकोच्या मळेवाल्यांच्या घरी शिवणकामाला जायची. एका वर्षी शिवण संपवून घरी आली ती मिकाएलाला पोटात घेऊन. डॉन फेलिपेंना लग्नाच्या बायकोपासूनही एक मुलगी होती, ब्रिहिदा; गोऱ्यांची म्हणून ती डोन्या, म्हणजे बाईसाहेब. दोघींचं नाक एकच होतं, अर्ध्या वाटेत विचार बदलल्यासारखं उजवीकडे वळलेलं. साऱ्या गावाला ते दिसायचं. डोन्या ब्रिहिदाच्या घरात आरसे पुष्कळ होते, पण तिला तेवढं दिसत नसे.

चर्चमध्ये गुडघे टेकायला गालिचा वापरायचा मान फक्त गोऱ्या बायकांचा. त्या पुढे चालत, मागून गुलाम पोरगी गालिच्याची गुंडाळी घेऊन येई. आम्ही बाकीच्या थंड विटांवर. स्पेनच्या राजाचा कायदाच होता तसा. चाळिशीत मिकाएलाला संधिवातानं धरलं, तेव्हा वैद्य म्हणाले, विटांवर गुडघे टेकू नकोस. तिनं विचारलं, मग देवाला काय सांगू? वैद्य म्हणाले, देवाची काही हरकत नसेल, पुढच्या रांगेतल्या बायकांचं बघ.

पुढच्या रविवारी मिकाएला काखोटीला एक लहानसा लाल गालिचा मारून आली, खांबाजवळ अंथरला आणि निवांत गुडघे टेकले. डोन्या ब्रिहिदाचा पंखा हवेतच थांबला. प्रार्थना संपल्यावर तिनं दारातच मिकाएलाला गाठलं. मी बाजूलाच होते.

"कुणाचा गालिचा उचलून आणलास?"

"माझाच आहे, बाईसाहेब."

"तुझ्या गुडघ्यांना गालिचा लागतो?"

"काय करू, गुडघे वडिलांवर गेलेत," मिकाएला म्हणाली. "त्यांचेही असेच दुखायचे ना?"

डोन्या ब्रिहिदा तडक मेण्यात जाऊन बसली. मी खोकल्याचं निमित्त करून शालीत तोंड लपवलं.

प्रकरण नगरसभेत गेलं. एका पार्दो बाईच्या गुडघ्यांवर शहरातले सगळे थोर पुरुष दिवसभर बोलले. ताकीद आली, तशी मिकाएलानं मेंढीचं कातडं आणलं. मग कातडं म्हणजे गालिचा होतो का, यावर सभा पुन्हा भरली. त्या वर्षी पुलाचा कठडा पडला होता, चौकातल्या हौदात पाणी नव्हतं, पण त्यांना उसंत नव्हती.

घोळ घातला तो एका नव्या कायदेपंडितानं. तो नुकताच स्पेनहून आला होता आणि कोण कुणाचा कोण ते त्याला ठाऊक नव्हतं. बिचारा सरळ माणूस. तो म्हणाला, मान शुद्ध रक्ताचा आहे ना? मग ज्या ज्या बाईला गालिचा अंथरायचा आहे तिनं आपलं रक्त पणजोबा-पणजीपर्यंत शुद्ध असल्याचे साक्षीदार आणावेत, म्हणजे तंटाच मिटला.

सभा तिथंच आटोपली. झाकली मूठ सव्वा लाखाची, ती अशी भर सभेत उघडायला सांगितलेली. कुणाची पणजी कोरोच्या किनाऱ्यावरून, गुलामांच्या मळ्यातून आलेली, जिच्याबद्दल घरात कुणी बोलत नसे. कुणाच्या आजोबांची तसबीर माळ्यावर भिंतीकडे तोंड करून ठेवलेली. रविवारी चर्चमध्ये बघते तर गालिचे गायब! सगळ्या थोर घरच्या लेकीसुना विटांवर. एकजण म्हणाली, वैद्यांनी विटाच सांगितल्यात. दुसरी म्हणाली, नवस आहे. बिशपनी प्रवचनात या अचानक आलेल्या नम्रतेचं तोंडभरून कौतुक केलं. मिकाएला तेवढी आपल्या कातड्यावर मऊ बसून ऐकत होती.

पुढं त्या पंडिताची कुठंतरी लांब बदली झाली, प्रकरण थंडावलं, आणि हळूहळू गालिचे परत आले. त्यांच्यात मिकाएलाचाही. तिच्याकडे बघायचं कुणी धाडस केलं नाही.

इथं तिची गोष्ट संपली असती तर आम्ही तिचं नुसतं कौतुकच केलं असतं. पण मान मिळाला की माणसाला खाली बघायची खोड लागते. मिकाएला तोंडाला तांदळाची भुकटी लावायला लागली. बोलण्यात "आमचे डॉन फेलिपे" यायला लागले. उन्हात बसलेल्या बायकांशी सावलीतून बोलायची.

नवऱ्यामागे एकटीनं वाढवलेला तिचा मुलगा कासियानो चर्चमध्ये व्हायोलिन वाजवायचा. त्यानं निकोलासाशी लग्न ठरवलं. निकोलासा म्हणजे बाजारात मक्याच्या भाकऱ्या विकणाऱ्या तोमासाची मुलगी. तोमासा स्वतः गुलामगिरीतून सुटलेली. मुलगी रंगानं आईसारखीच, गळा मात्र असा की ती गायला लागली की व्हायोलिन चुकायचं. मिकाएलानं घर डोक्यावर घेतलं. एकेक पायरी चढत आम्ही इथवर आलो आणि तू एका उडीत खाली जाणार, म्हणाली.

कासियानो म्हणाला, "आई, ज्यांनी तुला विटांवर बसवलं त्यांचंच बोलणं तू मला ऐकवतेयस."

तिला ते झोंबलं, पण तिनं ऐकलं नाही. रक्त बरोबरीचं नाही म्हणून आईबापांना लग्न अडवता येई. तिनं जाऊन रीतसर हरकत घेतली.

ही बातमी गावभर झाली. दुसऱ्या दिवशी दुपारी मिकाएलाच्या दारात मेणा थांबला आणि जिनं जन्मात आमच्या गल्लीत पाऊल टाकलं नव्हतं ती डोन्या ब्रिहिदा त्यातून उतरली. मिकाएलाची तारांबळ उडाली. मी प्यायला गरम चॉकलेट घुसळायला स्वयंपाकघरात धावले. पाहुणीनं दोन वड्या खाल्ल्या, बोटं पुसली आणि म्हणाली, "रक्ताची चाड असलेली माणसं फार उरली नाहीत गं, बहिणी."

बहिणी. हा एक शब्द ऐकायला मिकाएलानं उभं आयुष्य काढलं होतं. मी पेले घेऊन दारातच थांबले. वाटलं, आता ही रडणार.

मिकाएला म्हणाली, "कुणाच्या रक्ताची?"

"आपल्या."

"चॉकलेट घ्या," मिकाएला म्हणाली, "गार होईल."

मेणा गेल्यावर मिकाएला खुर्चीत बसून राहिली. घामानं तोंडावरची भुकटी ओघळली होती. मी म्हटलं, अगं, अखेर बहीण म्हणाली की ती!

"म्हणाली," ती म्हणाली. "पण कशासाठी म्हणाली ते बघ ना. ती बाई माझी पाठ थोपटायला लागली, म्हणजे माझं काहीतरी मोठं चुकलंय."

तिनं हरकत मागे घेतली. कासियानो आईचे पाय धरायला गेला तर म्हणाली, तुझ्या प्रेमाबिमासाठी नाही, त्या बाईकडून पुन्हा कौतुक करून घ्यायचं नाही मला. डोन्या ब्रिहिदानं तिला त्यानंतर कधी बहीण म्हटलं नाही, वड्या मात्र पहिल्यासारख्याच मागवल्या.

निकोलासा घरात आली आणि भांडणं सुरू झाली. भाकरी जाड की पातळ, मीठ आधी की मागून, नातवाला कुणाच्या मांडीवर झोप लागते. माझ्याकडे दोघींच्या तक्रारी यायच्या. मिकाएला म्हणायची, "रंगाचं जाऊ दे, पोरीच्या हाताला चवच नाही." मी देवाला हात जोडायचे. काराकासमध्ये दोन बायका शुद्ध सासू-सून म्हणून भांडताना मी पहिल्यांदाच बघत होते.

तापात मिकाएला गेली तेव्हा चर्चमध्ये कासियानोला वाजवता येईना. निकोलासाच गायली, कोरड्या डोळ्यांनी, शेवटपर्यंत. घरी आल्यावर चुलीपुढे बसून ती जी रडली ती कुणाला आवरेना.