दादा आहेत तोवर लढाई नाही

त्या मे महिन्यात आमची मुलगी पुण्याहून मिरजगावला आली ती मोठी बॅग घेऊनच. चार दिवसांसाठी येणारं माणूस एवढं सामान आणत नाही, हे मी बॅग उचलतानाच ओळखलं. सीमेवरून रोज वाईट बातम्या येत होत्या. गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कोणी किराणा भरून ठेवा म्हणत होतं, तर कोणी सायरन वाजला की दिवे घालवायचे का, म्हणून विचारत होतं. मुलीला जर्मनीतल्या एका विद्यापीठात प्रवेश मिळाला होता, सप्टेंबरात निघायचं होतं. जेवायला बसल्याबसल्या ती म्हणाली, "मी जात नाहीये."

तिच्या वडिलांचा घास हातातच राहिला. मी विचारलं, "का गं?"

"युद्ध होणार आहे. आपल्या सीमेवरचं नाही म्हणत मी. सगळ्या जगाचं."

मग तिनं ताटातल्या भाकरीचे चार तुकडे केले आणि आम्हाला समजावून सांगायला लागली. एक तुकडा म्हणजे एक पिढी, साधारण वीस वर्षांची. पहिली पिढी संकटातून तावून निघते आणि सगळं नव्यानं उभं करते. दुसरी त्या उभ्या केलेल्यात सुखानं वाढते. तिसरी भांडायला लागते, जो तो आपलंच खरं म्हणतो. चौथी जन्मते तेव्हा सगळं खिळखिळं झालेलं असतं, आणि पुन्हा संकट येतं. असा ऐंशी वर्षांचा फेरा. "मागचं महायुद्ध संपून ऐंशी वर्षं झालीत, आई."

मी हायस्कुलात इतिहास शिकवते. इतका गोल, सारखा कापलेला इतिहास मला कुठं भेटलेला नाही. मी म्हटलं, "ऐंशी वर्षं कुठल्या देशाची मोजायची? आपल्याकडं तर त्या मधल्या काळातही लढाया झाल्या."

"आकड्याचं सोड. ज्यांनी युद्ध डोळ्यांनी बघितलं ती माणसं संपली, की उरलेल्यांना त्याची भीतीच राहत नाही. म्हणून पुढचं युद्ध होतं. मुद्दा हा आहे."

बोलून झाल्यावर तिच्या लक्षात आलं, की समोर दादा बसलेत.

दादा म्हणजे माझे सासरे. आम्ही सगळेच त्यांना दादा म्हणतो, मुलगीसुद्धा. तरुणपणी ते नगरला भरती झाले, रणगाडा चालवायला शिकले आणि एकाहत्तरच्या लढाईत होते. आता ऐंशीला टेकलेत. लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून मी त्यांच्या तोंडून लढाईचा एक शब्द ऐकला नव्हता. कोणी विचारलंच तर "झाली की एकदाची" एवढं म्हणून ते ज्वारीच्या रानाकडं निघून जात.

त्यांनी घास संपवला, पाणी प्यायले आणि नातीला म्हणाले, "म्हंजी ताई, मी मेलो की लढाई व्हनार म्हन."

मुलगी लालेलाल झाली. "तसं नाही हो दादा..."

"तसंच हाय की. तूच सांगितलं आत्ता."

ते हसले, तेव्हा आम्हीही हसलो. मला वाटलं, विषय तिथं संपला.

तो संपला नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी दादांनी स्वतः होऊन बीपीची गोळी मागितली. ही गोळी त्यांना द्यायची म्हणजे आमच्याकडं रोजचा तमाशा असायचा. कधी ती उशीखाली सापडायची, कधी तुळशीच्या कुंडीत. मी गोळी हातावर ठेवली तर म्हणाले, "दे बाई. आता आमच्या जिवावर लई जबाबदारी हाय." आठवडाभरात तंबाखूची पुडीही बंद झाली. जिच्यासाठी माझ्या सासूबाई जन्मभर त्यांच्याशी भांडल्या आणि हरल्या, तीच ही पुडी. चावडीपुढच्या कट्ट्यावरच्या म्हाताऱ्यांना ते गंभीरपणे सांगू लागले, की आपण सगळ्यांनी जपून राहायचं, आपण गेलो की ही पोरं लढाई लावत्यात. यात थट्टा किती आणि खरं किती, ते मला आजही सांगता येणार नाही.

जूनमध्ये शाळा सुरू झाली. मी एका संध्याकाळी त्यांना म्हटलं, "दादा, नुसतं जगून कसं चालेल? तुमच्या नातीच्या हिशेबानं लढाईची आठवण पोरांपर्यंत पोचायला पाहिजे. माझ्या वर्गावर येऊन सांगा ना."

त्यांनी मान हलवली. नाही म्हणाले. चार दिवसांनी मात्र इस्त्रीचा शर्ट घालून माझ्या स्कूटीजवळ उभे राहिले. मुलगीही आमच्या मागून शाळेत आली आणि शेवटच्या बाकावर बसली.

नववीच्या पोरांना बॉम्बगोळे ऐकायचे होते. एकानं पहिलाच प्रश्न केला, "आजोबा, तुम्ही किती मारले?"

"मी डायवर हुतो बाळ. डायवर खाली बसतो, डोकं तेवढं भाईर. मला समोरचं रान दिसायचं, बास." त्यांनी खिडकीबाहेरच्या ग्राउंडकडं हात केला. मग म्हणाले, "एक रान सांगतो. आमी सीमेवरचं एक गाव वलांडून चाललो हुतो. गव्हाचं रान हुतं, वितभर आलेलं. नुकतंच पानी दिल्यालं. वाफा असा चमकत हुता. हुकूम आला, सरळ चला. मी शेतकऱ्याचं प्वार. बांधावरून बैल गेला तरी माझा बाप शिव्या द्यायचा. आन मी त्या गव्हावरून गाडी घातली. मागं वळून बघता येत न्हाई, पर कळतं. चिखलात गाडीचा पट्टा कसा बसतो, ते बुडाखाली कळतं."

पुढच्या बाकावरच्या मुलीनं हात वर केला. "मग तो शेतकरी काय म्हणाला?"

"शेतकरी न्हवताच गं. समदं गाव खाली केल्यालं. कुत्रं सुदीक न्हवतं."

"मग पाणी कोणी दिलं होतं?"

दादा फळ्याच्या कडेला हात टेकून उभे राहिले. मला वाटलं चक्कर आली, मी खुर्ची पुढं केली. त्यांनी ती घेतली नाही.

"त्येच," ते म्हणाले. "पन्नास वर्सं मला त्येच कळंना. कुनीतरी मागं राह्यलं हुतं. समदी गेली, तोफा वाजाय लागल्या, आन ह्यो बाबा गव्हाला पानी देत बसला हुता."

मग त्यांनी ती खुर्ची घेतली. पोरांनी टाळ्या वाजवल्या नाहीत, ते मला फार बरं वाटलं. पाणी कोणी दिलं असेल यावर मधल्या सुट्टीत दोन पोरं भांडताना मी ऐकली. एक म्हणत होता म्हातारा असणार, दुसरा म्हणत होता बाई.

जुलैच्या एका दुपारी आम्ही दोघी धुतलेले कपडे घड्या करत बसलो होतो, तेव्हा मुलगी म्हणाली, "आई, मी जाते."

"युद्धाचं काय झालं मग?"

"होईल किंवा नाही होणार. दादांना विचारलं, भीती वाटली होती का. म्हणाले, जाईस्तवर लई. गेल्यावर कामच हुतं." तिनं ओढणीची घडी दोनदा मोडून पुन्हा घातली. "त्या फेऱ्यावर माझा अजून विश्वास आहे बरं का."

मी वाद घातला नाही. तेवीस वर्षांच्या पोरीला जग ज्या आकारात मावतं, त्या आकारात ते तिला काही दिवस धरू द्यावं असं मला वाटलं. सप्टेंबरात आम्ही तिला विमानात बसवून आलो.

तिकडं तिनं आठवड्यातून एक दुपार एका वृद्धाश्रमात जायला सुरुवात केली. भाषा सुधारावी म्हणून जाते, असं आम्हाला सांगायची. डिसेंबरातल्या एका रविवारी तिचा व्हिडिओ कॉल आला. तिच्या शेजारी पांढऱ्या केसांची, निळा स्वेटर घातलेली एक बाई बसली होती. "दादा, या आजींना तुमच्याशी बोलायचंय. महायुद्धात त्या सहा वर्षांच्या होत्या. बॉम्ब पडायला लागले की तळघरात बसायच्या."

दादांनी टोपी सरळ केली आणि स्क्रीनला नमस्कार केला. त्या बाईंनीही हात जोडले. मुलीनं शिकवलं असणार. मग दादांनी विचारलं, "तुमच्याकडं गहू कंदी काढत्यात?"

मुलीनं ते त्यांच्या भाषेत दोनदा सांगितलं. बाई पुढं झुकून हातवारे करत कितीतरी वेळ बोलल्या. मुलगी जमेल तेवढं सांगत गेली: जुलैच्या शेवटी काढतात, ऑगस्ट लागतो कधीकधी. युद्ध संपलं त्या वर्षी घरात पुरुष नव्हता, आईनं आणि मोठ्या बहिणीनं विळ्यांनी कापला, आणि मी मागून लोंब्या वेचत होते. दादा प्रत्येक वाक्याला "व्हय, व्हय" म्हणत होते. लोंब्या वेचण्याची गोष्ट त्यांना भाषांतर व्हायच्या आधीच कळली होती, कारण बाईंनी वाकून बोटांनी ती करूनच दाखवली.

फोन बंद झाल्यावर दादांनी तो माझ्या हातात दिला. "बाई शेतातली हाय," ते म्हणाले. "पर तिला ऐकाय कमी येतंय. पुढच्या येळी ताईला जरा मोठ्यानं बोलाय सांग."