मावशीचा उजवा कान

मावशीच्या खेळात सगळे शत्रू डावीकडूनच यायचे.

म्हणजे ती तसं सांगायची. संगणकावरच्या त्या खेळात चौघांची टोळी असे. पडक्या इमारतींमधून हिंडायचं आणि समोरच्या चौघांनी आपल्याला गाठण्याआधी आपण त्यांना गाठायचं. चौघं चार घरांतून खेळत. कप्तान होती मावशीची भाची आणि मावशीकडे काम होतं ऐकण्याचं. जिन्यावर पाऊल वाजलं, दार करकरलं, की कुठून ते तिने सांगायचं. निवृत्त होण्याआधी एकतीस वर्षं ती एका मोठ्या रुग्णालयाच्या टेलिफोन बोर्डावर होती. नुसत्या ‘हॅलो’वरून कोणता डॉक्टर बोलतोय आणि तो जेवलाय की उपाशी आहे, हे तिला कळायचं. असा कान नात्यातच असताना भाची दुसरीकडे कशाला शोधेल? टोळीने मावशीचं नावच ‘एक्स्चेंज’ ठेवलं होतं.

आणि एक्स्चेंज ‘डावीकडे’ म्हणाली की टोळी डावीकडे वळायची आणि उजवीकडून मार खायची. लागोपाठ तीन सामने असेच गेले. बाकीच्या दोघांनी कप्तानाच्या मागे लकडा लावला, की ऐकायला दुसरं कोणी बघ. भाचीने मधला मार्ग काढला. रविवारच्या सामन्याआधी मावशीने चांगला हेडफोन घ्यायचा, आणि तरी जमलं नाही तर मावशीने खेळाबाहेर बसायचं. हे सांगताना ती मावशीच्या डोळ्यांकडे न बघता टेबलावरच्या जुन्या हेडफोनकडे बघत होती. त्याच्या डाव्या गादीचं आवरण पार सोलून निघालं होतं. उजवी मात्र कालच आणल्यासारखी कोरी होती.

“चांगला म्हणजे केवढ्याचा?” मावशीने विचारलं.

“तुझ्या पेन्शनला झेपेल एवढाच. माझ्याकडून घेणार नाहीस, ठाऊक आहे मला.”

शनिवारी सकाळी दोघी दुकानात गेल्या. जुना हेडफोनही मावशीने पिशवीत घेतला होता, तुलनेला. काउंटरमागचा दुकानदार कपाळावर चष्मा चढवून कसलीशी वायर जोडत बसला होता. त्याने आधी रंगीत दिवे लागणारा हेडफोन काढला. मावशीने विचारलं, दिवे ऐकू येतात का. तो हसला आणि निमूटपणे दिवेवाला परत ठेवून साधे तीन पुढे मांडले. चष्मा लावणाऱ्याने हलका घ्यावा, म्हणाला, नाहीतर तासाभरात कानशिलं दुखतात. माइक तोंडाजवळ वळवता यावा. आणि सात दिशांचा आवाज वगैरे खोक्यावर कितीही लिहिलेलं असो, आपल्याला कान दोनच.

मग त्याने चाचणी लावली. पावलं एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून.

“डावीकडे,” मावशी म्हणाली. “हेही डावीकडेच.”

दुसरा हेडफोन. डावीकडे. तिसरा, सगळ्यांत महागडा. डावीकडे. दुकानदाराने संगणक आणि हेडफोन यांच्यामध्ये बोटाएवढं साउंड कार्ड जोडून पाहिलं. आवाज खणखणीत झाला, पण राहिला डावीकडेच. शेवटी तो जरा चाचरत म्हणाला, काकू, एकदा कानाच्या डॉक्टरांना दाखवून घ्या.

मावशीचा चेहरा उतरला. ज्या कानावर ती एकतीस वर्षं जगली, त्यालाच आता दाखवून घ्यायचं. भाची खोक्यांवरचे आकडे वाचण्याचं सोंग करू लागली.

तेवढ्यात दुकानाच्या दाराची घंटी किणकिणली. मावशीने झटकन मान वळवली. “गिऱ्हाईक आलंय तुमच्याकडे.”

दुकानदार गिऱ्हाइकाकडे गेलाच नाही. तो मावशीकडे बघत राहिला. “काकू, हा हेडफोन घातला की मला ती घंटी ऐकू येत नाही. तुम्हाला कशी आली?”

भाची मावशीच्या उजव्या बाजूला आली आणि तिने कपाळावर हात मारून घेतला. हेडफोनची उजवी वाटी कानावर नव्हतीच. ती कानामागे सरकवलेली होती, पदर सावरावा इतक्या सवयीने. बोर्डावर डावा कान फोनचा आणि उजवा खोलीचा असायचा, कारण अपघात विभागाची घंटा कधी वाजेल याचा नेम नसे. निवृत्तीनंतर खोली बदलली, कान तसाच पहाऱ्यावर राहिला.

मावशीला आधी लाज वाटली, मग हसू फुटलं, आणि मग तिघंही हसत सुटली. ताटकळलेलं गिऱ्हाईकसुद्धा काही न कळता हसलं. मावशीने पिशवीतला जुना हेडफोन काढला आणि दोन्ही वाट्या कानांवर नीट बसवल्या. दुकानदाराने पुन्हा चाचणी लावली, आणि पावलं उजवीकडून चालत आली. तिने डोळे मिटले. “अगंबाई,” ती हळूच म्हणाली, “इकडे एवढी जागा होती होय.”

जुना हेडफोन धडधाकट होता. दुकानातून ती नवीन गाद्यांचा एक जोड तेवढा घेऊन निघाली. तिथली सगळ्यांत स्वस्त वस्तू तीच असावी.

खरी अडचण घरी निघाली. काकांची खुर्ची लग्नापासून तिच्या उजवीकडे होती. तो कान त्यांचा होता.

“अहो, उद्या चार ते सहा दार, फोन, गॅसवरचं दूध, सगळं तुमच्याकडे.”

“आणि मला काही बोलायचं असलं तर?”

“चिठ्ठी लिहा.”

रविवारी चार वाजता तिने दोन्ही कान झाकले. पहिली दहा मिनिटं हात सारखा उजव्या वाटीकडे जायचा. तिने तो मांडीखाली दाबून धरला. घर गडप झालं. मग पडक्या इमारतीत, अगदी लांब, विटांवर बूट घासला.

“उजवीकडे,” मावशी म्हणाली. “दोघं आहेत. एक लंगडतोय.”

टोळीतले दोघं क्षणभर थबकले. एक्स्चेंजच्या तोंडी तो शब्द त्यांनी कधी ऐकलाच नव्हता. पण कप्तान वळली, आणि तिच्यामागे तेही वळले.

सहाला सामना जिंकल्यावर भाची एवढंच म्हणाली, की पुढच्या रविवारी हीच वेळ, एक्स्चेंज, उशीर करू नकोस. मावशीने हेडफोन उतरवला. कीबोर्डखाली काकांच्या अक्षरातली चिठ्ठी सरकवलेली होती.

‘दूध थोडं उतू गेलं. चहा ठेवलाय. उजवीकडे.’