पक्केमामांची पट्टी

रविवारी दुपारी सुनेची स्कूटर गल्लीच्या तोंडाशी आली, तेव्हाच पक्केमामांना कळलं की पट्टीने पुन्हा दगा दिला. एरवी शिवणयंत्रासारखी चालणारी ती लहानशी स्कूटर आज पत्र्याच्या डब्यात खडे वाजवावेत तशी वाजत होती. समोरच्या खिडकीतून शेजारी ओरडला, "मामा, तुमचा बँड आला हो!"

चाळीस वर्षं मामांनी गेटं, खिडक्यांचे गज आणि जिन्यांचे कठडे वेल्ड केले होते. काम संपलं की जोडावर हातोडीचा एक ठोका मारायचा आणि "पक्कं!" म्हणायचं, ही त्यांची सवय. त्यावरून नाव पडलं. खरं नाव आता फक्त विजेच्या बिलावर उरलं होतं.

तीन आठवड्यांपूर्वी सुनेची स्कूटर एका खड्ड्यात आपटली आणि सायलेन्सर मागून धरून ठेवणारी लोखंडी पट्टी तडकली. सून म्हणाली, "बाबा, गॅरेजमध्ये टाकते." मामा हसले. "घरात वेल्डर असताना? लोक तोंडात शेण घालतील माझ्या." त्यांनी पट्टी जोडली, ठोका मारला, पक्कं म्हणाले. सहा दिवसांत ती जोडाच्या शेजारी तुटली. मग त्यांनी दुप्पट जाडीची पट्टी लावली. तीही आठवडाभरात गेली. तिसऱ्या वेळी त्यांनी गेटच्या बिजागरीला लावतात तसली पट्टी लावली. आज ती शाबूत होती, पण तिने सायलेन्सरचाच पत्रा फाडला होता.

सून एका लॅबसाठी घरोघरी जाऊन रक्ताचे नमुने घेई. सकाळी सहाला पहिलं घर. रात्रीपासून पोटात काही नसलेली माणसं दारात उभी असत आणि दहा मिनिटं उशीर झाला तरी सुईआधी तीच टोचून बोलत. या स्कूटरपायी तिला दोनदा उशीर झाला होता. लॅबच्या बाईंनी स्पष्ट सांगितलं होतं, अजून एकदा झालं तर हा भाग दुसऱ्या मुलीला देऊ. आणि उद्या सोमवार.

मामा पाने घेऊन अंगणात निघाले, तेव्हा आतल्या खोलीत सून फोनवर बोलत होती. त्यांचा मुलगा कामासाठी परगावी असे, त्याच्याशी.

"अरे, गॅरेज दोन गल्ल्यांवर आहे, पण बाबांना सांगू कसं? तोंड एवढंसं होतं त्यांचं. जोड नाही रे तुटत, जोडाच्या शेजारचं तुटतं. उद्या मैत्रिणीची गाडी मागते, दुसरं काय."

जोड तुटत नाही हे ऐकून मामांना क्षणभर बरं वाटलं. पुढचं ऐकून ते बरं वाटणं विरून गेलं.

अंगणात त्यांनी सायलेन्सर खोलला. एक नट गंजून अडकला होता. पाना सटकून बोटाचं सालपट निघालं आणि त्यांनी तो भिंतीवर फेकला.

बायको दारात आली. "अहो, पान्याने काय घोडं मारलंय तुमचं?"

"तू आत जा."

"जाते. आता काय, स्कूटरला गेटच बसवताय का? म्हणजे कुलूपही लावता येईल."

"अगं, जा म्हटलं ना!"

ती हसत आत गेली. मामा मात्र उकिडवे बसून त्या पट्टीकडे बघत राहिले. जोड माशाच्या खवल्यांसारखा एकसारखा होता, अजून कुठे केसाएवढी भेग नाही. असा जोड मारणारा माणूस चुकतो कुठे? त्यांना पट्टीचा राग येत होता, स्कूटरचा येत होता, आणि सगळ्यात जास्त सुनेच्या त्या मऊ बोलण्याचा. तिने खडसावलं असतं तर बरं झालं असतं.

फाटलेला पत्रा त्यांनी जोडला. याहून जाड पट्टी घालायची, हेच डोक्यात होतं. त्यासाठी भोकाची खूण हवी, म्हणून सायलेन्सर नुसता पुढच्या दोन नटांवर अडकवला आणि हाक मारली, "सूनबाई, जरा चालू कर."

तिने बटण दाबलं. मामा खाली वाकले. मोकळ्या पट्टीचं भोक आणि मागे इंजिनवर बोल्ट बसायची जागा, दोन्ही थरथरत होती, पण एका तालात नाही. हे वर गेलं की ते खाली. मामांनी ओल्या गोणपाटाने सायलेन्सर दाबून धरला, तर कोपरापर्यंत झिणझिण्या आल्या. ही एवढी ओढाताण ते तीन आठवडे बोल्टाने आवळून बंद करू बघत होते.

गेट हलत नाही. कठडा हलत नाही. आयुष्यभर त्यांनी एका जागी उभ्या राहणाऱ्या वस्तूच केल्या होत्या.

"बंद कर," ते म्हणाले. मग बोट दाखवत, "इथे काही होतं का गं? पट्टीच्या भोकात?"

सून चपलेने माती उकरत म्हणाली, "रबर होतं, बाबा. मधे भोक असलेलं, जाडसं. पहिल्याच दिवशी तुम्ही काढून टाकलंत. म्हणालात, लोखंडात रबराचं काय काम."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले होते. एकदा."

मामांना आठवलं. आपण काय उत्तर दिलं होतं, तेही आठवलं.

रविवारी सुट्या भागांची दुकानं बंद. दोघांनी अंगण, कचऱ्याचा डबा, खिळ्यांचा डबा, सगळं धुंडाळलं. शेवटी स्वयंपाकघरातून बायकोचा आवाज आला, "ते काळं, गोल? ते मी उचललं. मिक्सरचा एक पाय गेला होता, ओट्यावर नुसता नाचायचा. आता बघा, कसा शहाण्यासारखा बसतो!"

मामा ओट्याजवळ गेले. मिक्सर उचलला. रबर धडधाकट होतं.

संध्याकाळपर्यंत त्यांनी ग्राइंडरने ती बिजागरीची पट्टी कापून काढली. जोड आपलाच, सहज सुटेना. मग पातळ पट्टी, मोठं भोक, भोकात रबर, रबरात बोल्ट. हातोडी त्यांनी उचलली आणि तशीच खाली ठेवली.

सकाळी पावणेसहाला स्कूटर गेली. ती कोपरा वळेपर्यंत मामा कान लावून उभे होते. खडखड झाली ती फक्त घरात, मिक्सरची.

"ऐका, आता माझं कोण बघणार?" बायको ओरडली.

दहा वाजता सून परतली, तेव्हा मामा ओट्यापाशी बसून जुन्या चपलेचा रबरी तळ कातरत होते.

"बाबा, सगळी घरं वेळेत झाली."

"पट्टी?"

"गप्प आहे."

बायकोने विचारलं, "मग? पक्कं ना?"

"आठवडा जाऊ दे," मामा म्हणाले आणि मिक्सर उलटा केला.